ब्रेकनंतर पोकेमॉन कार्डांच्या टुर्नामेंटला परत जाताय? या चुका टाळा

कोणी बारावी आणि नीटमुळे, कोणी एमपीएससीमुळे, कोणी नोकरी लागली म्हणून, जळगाव-भुसावळ-धुळ्याकडची आपली बरीच पोरं पोकेमॉन कार्ड सोडून बसली होती आणि आता हळूहळू परत यायला लागलीत. मस्तच. पण परत आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं गाडं तिथंच अडतं, नवीन डेकवर पैसे घालायचे, यूट्यूबवर चार मॅच बघायच्या, रात्रभर प्रवास करून मुंबई नाहीतर पुणे गाठायचं आणि दुपारच्या जेवणाआधी दोन राउंड हरून बसायचं, वर म्हणायचं डेकच भंगार निघाला. डेक भंगार नसतो भो. डोक्यात दोन-तीन वर्षांपूर्वीचा गेम बसलेला असतो आणि हात त्याच्याच हिशोबाने चालतात. खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या बहुतेक या एकाच गोष्टीतून येतात.

जुना डेक कपाटातून काढून तसाच नेणं

स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये, म्हणजे ज्यात फक्त अलीकडची कार्डं चालतात त्या प्रकारात, दरवर्षी साधारण एप्रिलमध्ये जुनी कार्डं बाहेर जातात हे सगळ्यांना माहीत असतं, पण आपण सोडल्यापासून नक्की काय काय गेलं ते कोणी बसून बघत नाही. कार्डाच्या खाली डाव्या कोपऱ्यात छोट्या चौकोनात एक इंग्रजी अक्षर असतं, तो रेग्युलेशन मार्क. २०२३ ला डी गेला, २०२४ ला ई, २०२५ ला एफ. म्हणजे कोणी २०२२ मध्ये खेळणं थांबवलं असेल तर त्याचा जवळपास अख्खा डेक गेला समजा. बॅटल व्हीआयपी पास गेला, रेडियंट ग्रेनिन्जा गेला, ज्या कार्डांवर तेव्हा सगळा खेळ उभा होता तेच नाहीत आता. स्पर्धेच्या तारखेला कोणती अक्षरं चालू आहेत ते पोकेमॉनच्या अधिकृत साइटवर बघा, ग्रुपवरच्या दोन वर्षं जुन्या मेसेजवर जाऊ नका. आणि नवीन सेट दुकानात आला म्हणून त्याच दिवशी तो स्पर्धेत चालतो असंही नाही, त्याची तारीख वेगळी असते.

याची उलटी चूकही होते, सगळंच गेलं समजून लोक जुनं बाइंडर धाकट्या भावाला देऊन टाकतात. अल्ट्रा बॉल, रेअर कँडी, बॉसेस ऑर्डर्स अशी कार्डं पुन्हा पुन्हा छापली जातात. नवीन छापील प्रतीवर चालू अक्षर असेल तर त्याच नावाची जुनी प्रतही चालते, फक्त मजकुराचा अर्थ तोच पाहिजे. फारच जुनी प्रत असेल आणि तिच्यावरचं वाक्य वेगळं दिसत असेल तर उगाच वाद नको, नवीन प्रत घ्या, ही कार्डं स्वस्त असतात.

आणि ती सोनेरी चकचकीत कार्डं, जी स्टेशनरीच्या दुकानात आणि सारंगखेड्यासारख्या यात्रेत पाकिटाने मिळतात, ती खोटी असतात. लहान पोरांना खेळायला ठीक आहे, डेकमध्ये एक जरी सापडलं तरी भानगड होते. झेरॉक्स लावलेली प्रॉक्सीही चालत नाही. प्रॉक्सी देण्याचा अधिकार फक्त जजला, तोही स्पर्धा चालू असताना कार्ड खराब झालं तर वगैरे.

नियम तेच असतील असं धरून चालणं

इथे सगळ्यात जास्त पोरं पडतात, कारण पोकेमॉनचा खेळ वरून तसाच दिसतो. ६० कार्डं, ६ प्राइझ (सुरुवातीला पालथी बाजूला ठेवलेली कार्डं, समोरचा पोकेमॉन पाडला की उचलायची, सगळी उचलली की जिंकलात), बेंचवर पाच, एनर्जी लावा, हल्ला करा. आतून बदललाय.

तुम्ही २०२० च्या आधी सोडला असेल तर तेव्हा पहिली पाळी घेणाऱ्याला सपोर्टर (ट्रेनर कार्डांतला एक प्रकार) खेळता यायचा. आता नाही. पहिल्या पाळीत हल्लाही नाही आणि सपोर्टरही नाही, त्यामुळे नाणेफेक जिंकली की डोळे झाकून "मी पहिला" म्हणायची सवय मोडा. काही डेकना दुसरं जाणंच फायद्याचं असतं. रेझिस्टन्समुळे डॅमेज तेव्हा २० ने कमी व्हायचं, आता ३० ने. फेअरी टाइप नवीन कार्डांवर येणंच बंद झालं.

२०२३ च्या आधी सोडला असेल तर हे नीट वाचा, पोकेमॉन टूल, म्हणजे पोकेमॉनला लावायचं साधन, आता आयटम नाही. स्कार्लेट अँड व्हायोलेटच्या सेटांपासून टूल हा ट्रेनर कार्डांमधला वेगळा प्रकार झाला. ऐकायला बारीक वाटतं, पण समोरच्याने बड्यू नावाचा पोकेमॉन काढला, त्याच्या फुकटच्या हल्ल्याने तुमचे आयटम पुढच्या पाळीला बंद केले, आणि तुम्ही हातातलं टूल पण तसंच धरून बसलात तर तो आनंदाने पुढची पाळी घेईल. टूल लावता येतं ना यार! समोरचा थोडीच सांगणार आहे. आमच्या इथला एक जण, एकेकाळी या भागातला भारी खेळाडू, पूर्ण गेमभर हातात टूल धरून बसला होता आणि मॅच संपल्यावर शेजारच्या टेबलावरच्या शाळकरी पोराने त्याला सांगितलं.

एस स्पेक नावाची जास्त ताकदीची खास कार्डं २०२४ मध्ये परत आलीत, पूर्ण डेकमध्ये एकच, कोणतंही एक, प्रत्येक प्रकारचं एक नाही. आणि सप्टेंबर २०२५ पासून मेगा इव्होल्यूशन परत आलंय. जुन्या एक्सवाय सेटांच्या काळात खेळलेल्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की मेगा केलं की पाळी संपते. आता संपत नाही. पण नवीन मेगा ईएक्स पडला की समोरचा तीन प्राइझ घेतो, म्हणजे दोन मेगा पडले की खेळ खल्लास. जुना दोन-दोन-दोनचा हिशोब डोक्यात ठेवून मेगा पुढे ढकलणारे रोज दिसतात.

डेकलिस्ट शेवटच्या क्षणी भरणं

ट्रेनमध्ये, रेंज नसताना, मनमाडच्या आसपास डेकलिस्ट टाइप करू नका. ५९ कार्डं लिहिली जातात, सेटचा कोड एक आणि कार्डाचा नंबर दुसऱ्याच सेटचा पडतो, आणि मग डेक चेकला वॉर्निंगपासून गेम लॉसपर्यंत काहीही पदरात पडू शकतं. एक खाच अशी की प्रोफेसर्स रिसर्चवर वेगवेगळ्या प्रोफेसरची नावं असतात पण नियमाने ते एकच कार्ड, सगळे मिळून चारच. तीन एका प्रोफेसरचे आणि दोन दुसऱ्याचे घालून पाच करणारा दर वेळी कोणीतरी असतोच. प्लेअर आयडी आणि पासवर्ड घरीच तपासा, कारण जुना ईमेल शाळेत असताना काढलेला असतो आणि तो आता कोणाला आठवतो! वयाचा गटही बघा, तो जन्मवर्षावर ठरतो. सीनिअरमध्ये सोडलेला पोरगा आता मास्टर्समध्ये बसतो, तिथे समोर नोकरी करणारी, आठवड्यातून तीन रात्री सराव करणारी माणसं असतात.

उन्हाळ्यात वाळलेली फॉइल कार्डं

हा खास आपल्याकडचा प्रॉब्लेम. फॉइल कार्डात वरचा चमकणारा थर हवेतला दमटपणा घेत नाही, मागचा कागद घेतो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ पर्यंत जातो, हवा कोरडी, कागद आकसतो आणि कार्ड मागच्या बाजूला वाकतं. तेच कार्ड मुंबईच्या दमट हवेत नेलं की कागद फुगतो आणि ते पुढच्या बाजूला वळायला लागतं. म्हणून घरी सपाट दिसणारा डेक हॉलमध्ये टेबलावर ठेवला की मध्येच फट दिसते. जज डेक हातात घेतो, कडेने बघतो, अंगठ्याने हलकं दाबतो, आणि फट जिथे पडते तिथूनच कट करतो. खालून निघतं तुमचं मुख्य अटॅकर, चारही फॉइल, बाकी ५६ साधी. तुम्ही काही मुद्दाम केलेलं नसतं पण बाकीच्यांना तसं वाटू शकतं, मार्क्ड कार्ड, म्हणजे पालथं असतानाही ओळखू येणारं कार्ड, म्हणून शिक्षा होते.

उपाय साधा आहे, साधी प्रत मिळत असेल तर साधीच खेळवा, फॉइल बाइंडरमध्ये शोभते. डेक बॉक्स पत्र्याच्या घरात वरच्या फळीवर किंवा बाइकच्या डिक्कीत ठेवू नका. स्लीव्ह नवीन घ्या, ६० पेक्षा चार-पाच जास्तच, आणि सगळ्या एकाच पाकिटातल्या, कारण जुन्या अर्ध्या पाकिटातल्या स्लीव्हचा रंग उडालेला असतो. आणि हो, दुपारच्या ब्रेकमध्ये घरून बांधून आणलेलं भरीत-पुरी खाल्लं तर हात साबणाने धुवा, नुसते रुमालाला पुसू नका. तेलाचा एक ठिपका म्हणजे सरळ मार्क.

प्राइझ न मोजणं

परत आलेला माणूस कोण हे मला एका गोष्टीवरून ओळखू येतं. पहिल्यांदा डेक शोधायला उचलला की त्याला हवं ते कार्ड तो काढतो आणि लगेच शफल करतो. नियमित खेळणारा तिथे थांबतो, महत्त्वाची कार्डं मोजतो आणि कोणती प्राइझमध्ये अडकलीत ते डोक्यात ठेवतो. एकच प्रत असलेलं कार्ड प्राइझमध्ये असण्याची शक्यता ६० पैकी ६, म्हणजे १० टक्के. दिवसभरात बारा गेम झाले तर त्यातल्या एकात तरी तुमचा एस स्पेक प्राइझमध्ये अडकण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते. आणि तो नाहीच हे तुम्हाला चौथ्या पाळीला कळलं तर उपयोग काय. घरी सराव करा, डेक शफल करा, सहा बाजूला ठेवा, उरलेला डेक बघून सहा ओळखा. आधी खूप वेळ लागेल, मग हात बसतो.

याच हिशोबातला दुसरा मुद्दा. "हात अडकतो" अशी तक्रार घेऊन येणाऱ्याचा डेक बघितला की बहुतेक वेळा इंटरनेटवरची चांगली लिस्ट असते आणि त्यात याने स्वतःच्या आवडीने चार कार्डं बदललेली असतात, चाराचे दोन केलेले असतात. पहिल्या सात कार्डांत चार प्रती असलेलं कार्ड दिसण्याची शक्यता ४० टक्के, दोन प्रतींची २२ आणि एका प्रतीची १२ च्या आत. ज्या कार्डाशिवाय सुरुवात होत नाही त्याच्या प्रती कमी केल्या की हात अडकणारच, नशिबाला काबरं बोल लावता. आधी लिस्ट जशीच्या तशी वीस-पंचवीस गेम खेळा, मग हात लावा.

घड्याळ

मोठ्या स्पर्धेत बेस्ट ऑफ थ्रीला साधारण ५० मिनिटं मिळतात. तीन गेम, म्हणजे एकाला १६-१७ मिनिटं, त्यात शफल, सेटअप, सगळं. घरी गप्पा मारत, चहा पीत खेळायची सवय असते, तिथे एकेक पाळी लांबत जाते. वेळ संपली की चालू पाळी पूर्ण करून आणखी तीन पाळ्या, बस. जिंकलं तर ३ पॉइंट, बरोबरी १, हरलं तर शून्य. तीन-चार बरोबरीवाला दिवसाच्या शेवटी कुठेच नसतो.

म्हणून पहिला गेम हातातून गेलाय हे दिसलं की तो सोडून द्या. आपल्याकडे "शेवटपर्यंत लढायचं" असा एक बाणा असतो, तो इथे महाग पडतो. पहिला गेम ३५ मिनिटं रेटून हरलात तर उरलेल्या पंधरा मिनिटांत दुसरा कसाबसा जिंकाल, मॅच बरोबरीत. दुसरा अर्धवट राहिला तर पहिला जिंकणारा मॅच घेऊन जातो. आणि समोरचा मुद्दाम रेंगाळतोय वाटलं तर हात वर करून जजला बोलवा, त्यात भांडण काही नसतं. हिंदीत बोला, मराठीत बोला, पण आवाज चढवून समोरच्यालाच सुनावू नका.

"थांब थांब, परत घेतो" हेही विसरा. मित्राकडे चालतं.

फक्त अ‍ॅपवर सराव

पोकेमॉन कार्डांचं अ‍ॅप टीसीजी लाइव्ह फुकट आहे आणि जळगावात बसून रोज खेळायला दुसरा तितका सोयीचा मार्ग नाही, खेळाच. पण अ‍ॅप शफल करतं, डॅमेज मोजतं, खेळता येणारं कार्ड उजळून दाखवतं, एनर्जी दोनदा लावूच देत नाही. टेबलावर यातलं सगळं तुम्हालाच करायचंय आणि तोंडाने सांगायचंय पण, कोणत्या पोकेमॉनवर काय लावलं, किती डॅमेज. नुसते ढीग पाडून कार्डं मोजली म्हणजे शफल झालं असं तिथे धरत नाहीत, नीट मिसळून समोरच्याला कट करायला द्यायचं. जायच्या आधीचे दोन रविवार तरी कोणाला तरी समोर बसवून खरी कार्डं आणि फोनवर ५० मिनिटांचा टायमर लावून खेळा. समोर बसणारा भारी खेळाडू नसला तरी चालेल.

जाण्या-येण्याचं

चारशेच्या वर किलोमीटर रात्रभर बसून जायचं आणि सकाळी स्टेशनवरून थेट हॉलवर, हे वयाच्या सोळाव्या वर्षी जमतं, नंतर तिसऱ्या राउंडला डोळे मिटायला लागतात. शक्य असेल तर आदल्या दिवशी जा, विदर्भ एक्सप्रेसने जात असाल तर निदान स्लीपर कन्फर्म पाहिजे. परतीचं तिकीट संध्याकाळचं काढू नका. स्विस राउंड (सगळे खेळतात ते) लांबतात, त्यानंतर टॉप कट, म्हणजे वरच्या खेळाडूंची बाद फेरी असते, आणि कटमध्ये आलेला पोरगा बॅग पाठीला लावून गाडी पकडायला पळालेला आम्ही बघितलाय. रात्री उशिराचं काढा. आणि मधूनच निघायचं असेल तर पुढच्या राउंडच्या जोड्या लागायच्या आत टेबलावर जाऊन ड्रॉप सांगा, नाहीतर समोरचा बिचारा रिकाम्या खुर्चीसमोर डेक शफल करत बसतो.