लूपरसोबत कंप्रेसर वापरताय? या चुका टाळा

नेरूळच्या एका सोसायटीच्या गणेशोत्सवात मी एकटाच गिटार आणि लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा-पुन्हा ऐकवणारा आणि त्यावर नवे थर चढवू देणारा पेडल) घेऊन बसलो होतो. पहिला थर छान बसला, दुसराही. चौथा चढवला तेव्हा स्पीकरमधून गाण्यापेक्षा घरघरच जास्त ऐकू येत होती. पाचपाखाडीत घरी हाच पेडलबोर्ड अगदी शांत असायचा.

चूक कंप्रेसरच्या सस्टेन नॉबची होती. तो मी घड्याळातल्या तीनच्या काट्यावर, म्हणजे बराच वर ठेवला होता. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग सगळाच सिग्नल वर उचलतो, म्हणजे गिटारच्या पिकअपने (तारांचं कंपन पकडणाऱ्या भागाने) पकडलेली मंडपातल्या लाइटच्या डिमरची खरखरही उचलली जाते. एरवी ती वाजवण्याखाली झाकली जाते. लूपमध्ये मात्र ती प्रत्येक थरासोबत रेकॉर्ड होते. नुसती सळसळ धरली तरी चार थरांनंतर ती साधारण ६ डेसिबलने वाढलेली असते. शिवाय एकदा थर रेकॉर्ड झाला की कंप्रेसर बंद करून काही उपयोग नाही. म्हणून सस्टेन नऊ-दहाच्या काट्यापुढे नेऊ नका, आणि वाजवत नसाल तेव्हा ओव्हरडबमधून (नवा थर रेकॉर्ड होत असतो त्या स्थितीतून) लगेच बाहेर या. एकाच अडॅप्टरवरून साखळीने सगळे पेडल चालवत असाल, तर घरघर तिथूनही येऊ शकते; आधी आयसोलेटेड पॉवर सप्लाय (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) घ्या. नवीन पेडलचे पैसे तिथे घातलेले बरे.

जागेची चूकही बरेच जण करतात. कंप्रेसर लूपरच्या नंतर लावला की त्याला सगळे थर एकत्र ऐकू येतात. तुम्ही वर जोरात लीड (मुख्य धून) वाजवली की खालचा रिदम दबतो, थांबलात की पुन्हा फुगतो. गिटार, ट्यूनर, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, डिले आणि शेवटी लूपर हा क्रम मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

गिटारच्या लाकडावर थाप मारून ठेका धरत असाल, तर अटॅक (कंप्रेसर किती लवकर आवाज दाबू लागतो ते) मंद ठेवा. जलद अटॅकमध्ये थापेचं टोकच कापलं जातं आणि ठेका मऊ पडतो. जुन्या धाटणीच्या एमएक्सआर डायना कॉम्प या कंप्रेसरवर आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी असे दोनच नॉब असतात, अटॅकचा नसतो. तिथे थापेपुरता पेडल सरळ बंद करावा.

कंप्रेसर चालू-बंद केल्यावर आवाजाची पातळी सारखी राहते ना, तेही कानाने जुळवून घ्या. मी रिदम कंप्रेसर लावून रेकॉर्ड करतो आणि लीड त्याच्याशिवाय वाजवतो. रिदम एकसारखा राहतो आणि लीडमधला हळू-जोर लोकांपर्यंत पोहोचतो.

आता कार्यक्रमाआधी मी एक तपासणी करतोच. तारांवर हात ठेवून, काहीही न वाजवता चार थर रेकॉर्ड करायचे आणि ऐकायचे. हे घरी नाही, तिथल्याच प्लगवर आणि मंडपातले लाइट चालू असताना करायचं.