अंब्रा ग्रिसिया घेताना या चुका टाळा

होमिओपॅथीच्या बाटलीवर 'अंब्रा ग्रिसिया' वाचून बरेच जण समजतात की हे झाडाच्या राळेपासून केलेलं औषध. घोळ नावामुळे होतो. अंबर म्हणून दोन अगदी वेगळे पदार्थ ओळखले जातात. एक म्हणजे झाडाची जीवाश्म झालेली राळ. होमिओपॅथीत तिच्यापासून केलेल्या औषधाला 'सक्सिनम' म्हणतात. दुसरा म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा, मेणासारखा स्निग्ध अंबरग्रीस. अंब्रा ग्रिसिया बनतं ते याच्यापासून. व्हेल स्क्विड खातो, पण स्क्विडच्या कठीण चोची त्याला पचत नाहीत. त्या चोचींभोवती हा पदार्थ साचत जातो. त्याला सर्रास 'व्हेलची उलटी' म्हणतात, पण तो बनतो आतड्यातच. व्हेलच्या डोक्यातून मिळणारं स्पर्मासेटी हे मेण तर आणखी वेगळं. 'अंब्रोशिया' ही बाटलीही जवळच ठेवलेली असते, ते रॅगवीड या वनस्पतीचं औषध. म्हणून नाव अर्धवट वाचून बाटली उचलू नका.

दुसरी चूक महागात पडू शकते: कच्चा अंबरग्रीस मिळवून घरीच औषध करायला जाणं. स्पर्म व्हेल संरक्षित प्राणी आहे आणि काही देशांत अंबरग्रीस नुसता जवळ बाळगणंही गुन्हा ठरतो. शिवाय हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. त्यामुळेच होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी तो दुधाच्या साखरेत खलून घेतला. ज्यांना दुधातली साखर अजिबात चालत नाही, त्यांनी गोळ्या घेण्याआधी हे विचारून घ्यावं.

गोळ्यांना अंबरग्रीसचा वास येत नाही म्हणून औषध नकली, असंही समजू नका. बाटलीवरचं '३० सी' म्हणजे शंभरपट विरलीकरण ३० वेळा. १२ सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता नगण्य असते.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती वयस्कर माणसांची. होमिओपॅथीच्या पुस्तकांत अंब्रा कोणाला द्यावं याचं वर्णन असं: चारचौघांत बुजणारा स्वभाव, काळजीने उडालेली झोप, संगीताने वाढणारा त्रास, अकाली आलेलं म्हातारपण, विसराळूपणा, चक्कर. यादी वाचली की घरातले म्हणतात, 'हे तर आपल्या आजोबांचंच वर्णन!' आणि गोळ्या सुरू होतात. पण चक्कर रक्तदाबाच्या गोळीमुळे येत असेल, विसरभोळेपणा बी-१२ च्या कमतरतेमुळे किंवा थायरॉइडमुळे असेल, तर ते तपासणीतच कळतं. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारात सापडला नाही. त्यामुळे गोळ्या द्यायच्या असल्या तरी तपासण्या आधी करा आणि चालू औषधं स्वतःहून बंद करू नका. अचानक बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूची ताकद गेली, तर बाटली शोधत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.