शेल स्क्रिप्टमधील डाउनलोडसाठी खिडकीतील प्रगतिपट्टी

टर्मिनलकडे न पाहणाऱ्या वापरकर्त्यास डाउनलोड कुठवर आले हे दाखवायचे असेल, तर वीगेट या डाउनलोड करणाऱ्या आज्ञेची टक्केवारी पाइपने (एका आज्ञेचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीने) झेनिटी या स्क्रिप्टमधून खिडक्या दाखवणाऱ्या साधनाच्या प्रोग्रेस खिडकीकडे पाठवावी. वीगेट प्रगती स्टँडर्ड एररवर (त्रुटी-संदेशांच्या वेगळ्या प्रवाहावर) लिहितो, म्हणून ती आधी स्टँडर्ड आउटपुटकडे वळवावी आणि सेड या मजकूर गाळणाऱ्या साधनाने टक्केचिन्हाआधीचा आकडाच वेगळा काढावा, कारण झेनिटी ओळीवर सुटा ४७ आला की पट्टी तेवढी सरकवते. सेडचा बफरिंग (आउटपुट साठवून एकदम सोडणे) टाळणारा ‘यू’ पर्याय मात्र विसरू नये. त्याअभावी पट्टी शून्यावर अडकून मग एकदम उडी मारते. सर्व्हरने फाइलचा आकार कळवला नसेल, तर टक्केवारी न दाखवता पट्टी नुसती हलती ठेवणारा झेनिटीचा ‘पल्सेट’ पर्यायच प्रामाणिक. पाइपलाइनचा एक्झिट कोड (यश-अपयश सांगणारा आकडा) शेवटच्या झेनिटीचा असल्यामुळे बॅश या शेलमध्ये वीगेटचे यश सर्व आज्ञांचे कोड क्रमाने ठेवणाऱ्या ‘पाइपस्टेटस’ अ‍ॅरेच्या पहिल्या घटकावरूनच तपासावे.