रिओहाची वाइन-सहल: या चुका टाळा

दुपारचे साडेचार. सकाळपासून दोन वायनऱ्या पाहून झाल्या, पोटात वाइन आहे पण जेवण नाही आणि गावातले एकही स्वयंपाकघर चालू नाही. उत्तर स्पेनमधल्या रिओहात पहिल्यांदा जाणाऱ्यांचा दिवस बहुधा इथेच फसतो. दुपारचे जेवण साधारण दीड ते साडेतीन आणि रात्रीचे साडेआठ-नऊनंतर, हे तिथले घड्याळ. मधल्या वेळात बारमध्ये फार तर तोर्तियाचा, म्हणजे बटाटा घातलेल्या जाड ऑम्लेटचा तुकडा मिळतो. म्हणून दोन वाजताचे टेबल आधी राखून ठेवा आणि वायनऱ्या त्याच्या मागेपुढे बसवा. सोमवार ते शुक्रवार दुपारी ‘मेनू देल दिया’ मागा. ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, पाव, गोड आणि बहुतेकदा वाइनही येते.

आगाऊ नोंदणी नाही

नाशिकच्या मोठ्या वायनऱ्यांत टेस्टिंग रूमपर्यंत सरळ जाता येते. त्या सवयीने इथल्या ‘बोदेगा’च्या, म्हणजे वायनरीच्या दारात उभे राहिलात तर परत पाठवतील. फेरी ठरलेल्या वेळेला आणि ठरलेल्या भाषेत निघते, दीड-दोन तास चालते. इंग्रजी फेऱ्या मोजक्याच, म्हणून आधी फेरीची वेळ पक्की करा आणि मगच बाकीचा दिवस आखा. रविवारी दुपारनंतर बऱ्याच ठिकाणी कुलूप असते. नाशिकची द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्च, रिओहाची सप्टेंबर-ऑक्टोबर; त्या दिवसांत जायचे तर नोंदणी आणखी लवकर करावी लागते.

दिवसाला दोन बोदेगा पुरे. तिसऱ्या ठिकाणी तीच बॅरल, त्याच टाक्या, आणि जिभेला आता चव कळत नाही. दोन्हीही एकाच तऱ्हेच्या निवडू नका. आरो गावात रेल्वे स्टेशनभोवती जुन्या बोदेगांची वस्तीच आहे, ‘बारियो दे ला एस्तासिओन’. १८७७ची लोपेस दे एरेदिया, १८७९ची कूने, १८९०ची ला रिओहा आल्ता, शिवाय मूगा, या सगळ्या चालत जाण्याच्या अंतरावर. एक जुन्या वळणाची इथे पाहा आणि दुसऱ्या दिवशी नव्या बांधणीची. लाग्वार्दियाजवळच्या इसिओस बोदेगाचे लाटांसारखे छप्पर वास्तुकार सांतियागो कालात्रावाचे आहे. एल्सिएगोतले मार्केस दे रिस्काल बोदेगाचे हॉटेल, गुलाबी-सोनेरी-चंदेरी टायटेनियमचे, वास्तुकार फ्रँक गेरीचे, २००६ साली उघडलेले. ते फुकट पाहायचे असेल तर गावातूनही छान दिसते.

मुक्काम चुकीच्या गावात

गाडी चालवायची नसेल तर ला रिओहाची राजधानी लोग्रोन्योत राहा. बिल्बाओहून थेट बस आहे आणि खाण्याची चंगळ इथेच. मात्र खोली ‘काये लाउरेल’ या बारच्या गल्लीवर उघडणारी घेऊ नका. शनिवारी रात्री तिथे झोप लागत नाही. त्या गल्लीपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर शोधा. फक्त वाइनसाठीच जायचे असेल तर आरो बरे. लाग्वार्दिया सर्वांत देखणे, टेकडीवरचे, तटबंदीच्या आतले. पण गावाखाली जमीन वाइनच्या तळघरांनी पोखरलेली असल्याने आत गाड्या जाऊ देत नाहीत. तटाबाहेर गाडी लावून सामान ओढत न्यावे लागते, तेव्हा बॅग हलकी हवी.

आणखी एक गफलत. रिओहा वाइनप्रदेश आणि ला रिओहा प्रांत एकच नव्हेत. लाग्वार्दिया आणि एल्सिएगो बास्क प्रदेशातल्या आलावात येतात. ९ जूनची सुट्टी ला रिओहाची, २८ एप्रिलची आलावाची. कुठल्या बाजूला बंद असेल ते तारखेवरून पाहा. २९ जूनला आरोत एकमेकांवर वाइन ओतायची ‘बाताया देल विनो’ असते. त्या रात्रीची खोली ऐनवेळी मिळत नाही.

एकाच बारमध्ये ठाण मांडणे

लाउरेलवर बहुतेक बार एखाद्याच पदार्थासाठी ओळखला जातो. एक पिंचो, म्हणजे दोन-चार घासांचा पदार्थ, एक छोटा ग्लास, मग पुढचा बार. नुसते ‘रेड वाइन’ म्हणण्यापेक्षा ‘उन होवेन’ किंवा ‘उन क्रिआन्सा’ म्हणा: पहिली कोवळी, दुसरी बॅरलमध्ये मुरलेली.

शाकाहाऱ्यांनी जास्त सावध राहावे. ‘वेहेतारियानो’ म्हटले तरी हॅम किंवा ट्यूना ताटात येऊ शकतो. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ असे सुटे सुटे सांगा. बटाट्याची रिओहाना भाजी चोरिसो सॉसेजशिवाय होत नाही, लाल घेवड्याच्या कापारोनेसमध्येही तेच, भाज्यांच्या मेनेस्त्रात हॅमचे तुकडे असतात आणि भरलेल्या पिकियो मिरच्यांत बहुधा मासा किंवा खिमा. सोरियानो बारच्या प्रसिद्ध मश्रूमवर कोळंबी बसलेली असते. ‘सिन गाम्बा’ म्हणा. मांसाहाऱ्यांनी छाटणीच्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या, ‘चुलेतियास आल सार्मिएन्तो’, सोडू नयेत.

चाखणारा आणि चालक एकच

मर्यादा रक्ताच्या लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल, परवाना दोन वर्षांपेक्षा नवा असेल तर ०.३. दोन ठिकाणची चाखणी मिळून तेवढे सहज भरते. चालकाने थुंकावे; त्यासाठी भांडे असते, मागायला लाजू नका. भारतीय परवान्यासोबत आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवानाही हवा.

वाइनबाहेरचे ठिकाण एकच निवडायचे तर सान मियान दे ला कोगोया. युसो आणि सुसो हे दोन्ही मठ १९९७पासून जागतिक वारसा यादीत आहेत. वरच्या सुसोला स्वतःची गाडी नेता येत नाही, खालून मिनीबसने आणि ठरलेल्या वेळेच्या तिकिटावर जावे लागते. ते न काढता गेलेल्यांना सुसो खालूनच पाहून परतावे लागते.

लेबल न वाचता खरेदी

मागच्या छोट्या लेबलचा रंग पाहा. हिरवे म्हणजे मुरवणीची अट नाही. लाल म्हणजे क्रिआन्सा: किमान दोन वर्षे, त्यातले एक बॅरलमध्ये. गडद तांबडे रेसेर्वाचे, तीन वर्षे. निळे ग्रान रेसेर्वाचे, पाच वर्षे. निळे महाग असते म्हणून तेच उत्तम असे नाही. ताज्या फळाची चव आवडत असेल तर आलावाकडची कोवळी वाइन स्वस्तातही जास्त आवडेल.

भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास असते. ती मोज्यात घालून चेक-इन बॅगेच्या मध्यभागी, कपड्यांत ठेवा. भारतात माणशी २ लिटर दारू शुल्कमुक्त आहे. ७५० मिलीलीटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरीने २.२५ होते. तिसरी हवीच असेल तर ३७५ची अर्धी बाटली मागा.