मंत्र्यांना सभागृहात विचारायचा प्रश्न कसा तयार करावा

विधिमंडळातील किंवा संसदेतील प्रश्नाच्या सूचनेवर सही लोकप्रतिनिधीची असली, तरी त्यामागची माहिती अनेकदा मतदारसंघातल्या एखाद्या शिक्षिकेने, सरपंचाने किंवा रुग्णालयात हेलपाटे घातलेल्या नातेवाइकाने पुरवलेली असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला आणि अनुच्छेद १६४ नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. ही जबाबदारी नेमकी आणि लेखी स्वरूपात वसूल करण्याचे सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे प्रश्न होय. आपल्या आमदारांना किंवा खासदारांना एखादा विषय सभागृहात न्यावयास सांगायचा असेल, तर नुसते निवेदन न देता प्रश्नाचा तयार मसुदाच द्यावा. तो कसा करावा, हे पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी: प्रश्न कोणत्या सभागृहाचा आहे, हे ठरवावे

पोलीस, सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये, शेती, पाणीपुरवठा हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत येतात. त्यामुळे तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर का नाही, असा प्रश्न लोकसभेत दिला, तर तो केंद्र सरकारच्या अखत्यारीतील नाही या कारणाने नाकारला जाऊ शकतो. याचा अर्थ खासदारांना त्या रुग्णालयाबद्दल काहीच विचारता येत नाही, असा मात्र नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून राज्याला किती निधी मिळाला, त्यांपैकी किती खर्च झाला आणि केंद्राने ठरवलेल्या निकषांची तपासणी केव्हा केली, हे केंद्रीय मंत्र्यांनाच विचारावे लागते. एकाच दुखण्याचे दोन प्रश्न करावेत: पदे, बदल्या आणि इमारत यांविषयीचा आमदारांकडे द्यावा, तर निधी, निकष आणि देखरेख यांविषयीचा खासदारांकडे. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की, केंद्र राज्याकडे आणि राज्य केंद्राकडे बोट दाखवण्याची सोय उरत नाही.

दुसरी पायरी: माहिती आधी स्वतः गोळा करावी

जी माहिती सहज उपलब्ध असलेल्या सरकारी कागदपत्रांत किंवा नेहमीच्या संदर्भग्रंथांत आहे ती प्रश्नातून मागू नये, असा लोकसभेचा नियम आहे. पूर्वी उत्तर दिला गेलेला प्रश्नही तत्त्वतः पुन्हा विचारता येत नाही. म्हणून मसुदा लिहिण्यापूर्वी त्या विषयावरील जुनी प्रश्नोत्तरे, विभागाचा वार्षिक अहवाल, अर्थसंकल्पातील तरतूद आणि उपलब्ध असल्यास भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल पाहून घ्यावा. लोकसभा आणि राज्यसभा यांतील उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर वाचता येतात. स्थानिक पातळीवरचा आकडा हवा असेल, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानुसार आधीच अर्ज करावा. त्याच्या उत्तरासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत असते, त्यामुळे अधिवेशन जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. हाती आलेला प्रत्येक कागद क्रमांक आणि दिनांकासह मसुद्याला जोडावा, म्हणजे लोकप्रतिनिधीला उभे राहून बोलताना आधार मिळतो.

तिसरी पायरी: प्रश्नाची भाषा

खरे काम या पायरीवर आहे, आणि बहुतेक चांगले विषय वाया जातात तेही इथेच. महाराष्ट्र विधानमंडळाच्या प्रश्नांचा साचा अनेकांच्या परिचयाचा आहे. पहिला भाग ‘हे खरे आहे काय’ असा असतो, दुसरा ‘असल्यास’ या शब्दाने सुरू होतो आणि शेवटचा भाग ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ असा असतो. हा साचा सोयीचा आहे खरा, पण त्यात एक कमकुवत जागा आहे. समजा, पहिल्या भागात असे लिहिले की, ‘अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाची अवस्था अत्यंत दयनीय झाली असून रुग्णांचे अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय?’ यावर ‘हे खरे नाही’ एवढे तीन शब्द पुरतात, आणि ‘असल्यास’ने सुरू झालेल्या पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर आपोआप मिळते. ‘दयनीय’ हे विशेषण खोटे ठरवणे कोणत्याही विभागाला अवघड नसते. मंजूर पदांचा आकडा मात्र खोटा ठरवता येत नाही.

म्हणून प्रश्नाचा प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा राहील, असा लिहावा. त्याच विषयाचा मसुदा असा करता येईल: (१) अमुक ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती आहेत, (२) ३१ मार्च रोजी त्यांपैकी किती अधिकारी त्याच रुग्णालयात प्रत्यक्ष कार्यरत होते आणि किती अन्यत्र प्रतिनियुक्तीवर होते, (३) प्रत्येक रिक्त पद कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे, (४) गेल्या १२ महिन्यांत या रुग्णालयातून पुढील उपचारांसाठी किती रुग्णांना जिल्हा रुग्णालयात पाठवण्यात आले, (५) रिक्त पदे कोणत्या दिनांकापर्यंत भरण्यात येतील? यातल्या एका भागाला अपुरे उत्तर मिळाले, तरी बाकीचे भाग निकालात निघत नाहीत.

दुसऱ्या भागातील ‘प्रत्यक्ष कार्यरत’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. पद कागदावर भरलेले असते आणि त्या पदावरील व्यक्ती प्रतिनियुक्तीने दुसरीकडे काम करत असते, हे ज्याने रुग्णालयाच्या दारात रांग लावली आहे त्याला ठाऊक असते. ‘पदे भरली आहेत काय’ असे विचारल्यास मिळणारे ‘होय’ हे उत्तर खरेही असते आणि निरुपयोगीही. पैशांच्या बाबतीत असेच चार शब्द वेगवेगळे ठेवावे लागतात: तरतूद, मंजूर रक्कम, वितरित रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च. ‘किती निधी दिला’ एवढेच विचारले, तर उत्तरात या चारांपैकी सर्वांत मोठा आकडा येण्याची शक्यता अधिक असते. बांधकामासाठी प्रशासकीय मान्यतेचा दिनांक, कार्यादेशाचा दिनांक, करारातील मुदत आणि आजवर दिलेली देयके असे तुकडे करून विचारावे; नाही तर ‘काम प्रगतिपथावर आहे’ या वाक्यावर समाधान मानावे लागते.

पाण्याचे उदाहरण घेऊ. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देणारी कार्यरत नळजोडणी अपेक्षित आहे. ‘जिल्ह्यात किती घरांना नळजोडणी दिली’ या प्रश्नाने फक्त नळ मोजले जातात. ‘जोडणी दिलेल्या गावांपैकी किती गावांत दरडोई ५५ लिटर पाणी मिळते, याची तपासणी कोणत्या महिन्यात, कोणत्या यंत्रणेने केली आणि तिचा निष्कर्ष काय’ असे विचारले, म्हणजे त्या नळातून येणारे पाणी मोजले जाते. योजनेने स्वतःच घालून दिलेली मोजपट्टी प्रश्नात वापरणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, कारण ती मंत्र्यांना नाकारता येत नाही.

भाषेबाबत नियमही स्पष्ट आहेत. लोकसभेत प्रश्न सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, अनुमाने, उपरोध, आरोप किंवा बदनामीकारक मजकूर नसावा. काल्पनिक परिस्थितीवर मत मागू नये. आणि न्यायप्रविष्ट बाब त्यात आणू नये. राग येणे साहजिक आहे, कारण या प्रश्नांमागे माणसांचे खरे हाल असतात. तरीही मसुद्यातून विशेषणे काढून त्या जागी तारखा आणि आकडे घालावेत, असा माझा आग्रह आहे, कारण त्या हालांची सरकारी दप्तरात नोंद व्हायला लावणारी भाषा तीच आहे.

चौथी पायरी: तारांकित की अतारांकित

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते आणि ते पटलावर ठेवले जाते. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. राज्यसभेत हे प्रमाण १५ आणि १६० असे आहे. प्रश्नांचा क्रम सोडतीने ठरतो. तासाभरात सर्व तारांकित प्रश्न पुकारले जातीलच असे नाही, आणि जे राहतात त्यांची उत्तरे लेखीच मानली जातात. म्हणून जिल्हानिहाय तक्ता किंवा तीन वर्षांची आकडेवारी हवी असेल, तर अतारांकित प्रश्नच द्यावा. ज्या विषयात धोरण बदलायला हवे आहे आणि मंत्र्यांना सर्वांसमोर भूमिका घ्यायला लावायची आहे, त्यासाठीच तारांकित प्रश्न राखून ठेवावा.

पाचवी पायरी: मुदत आणि वार

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. सर्व मंत्रालयांचे पाच गट केलेले असून प्रत्येक गटाला आठवड्यातील एक वार नेमून दिलेला असतो; त्या वाराखेरीज अन्य दिवशी त्या खात्याचा प्रश्न घेतला जात नाही. विधिमंडळाच्या अधिवेशनासाठीच्या तारखा आमदारांच्या कार्यालयात आधीच विचारून घ्याव्यात, आणि मसुदा शेवटच्या दिवशी न देता निदान आठवडाभर आधी पोहोचवावा. विषय खरोखर तातडीचा असेल, तर अल्पसूचना प्रश्नाची, म्हणजे नेहमीपेक्षा कमी मुदतीत विचारायच्या प्रश्नाची, सोय आहे, परंतु त्याला मंत्र्यांची संमती लागते. अशा वेळी लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधून त्यांच्याकडून निवेदन मागणारी सूचना, हा अधिक वापरातला मार्ग ठरतो.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्रश्न विचारण्यासाठी लोकप्रतिनिधीला किंवा त्याच्या कार्यालयातील कोणालाही पैसे किंवा भेटवस्तू देऊ नयेत. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेने ११ सदस्यांना बडतर्फ केले होते.

सहावी पायरी: उपप्रश्नाची तयारी

तारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर हाती आल्यावर सदस्याला त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लोकसभेत मूळ प्रश्नकर्त्याला सामान्यतः दोन उपप्रश्नांची संधी मिळते. मसुद्यासोबत संभाव्य उत्तरे आणि प्रत्येकावरचा एकेक उपप्रश्न लिहून द्यावा. उपप्रश्न एका श्वासात विचारता येईल एवढा लहान असावा आणि त्यात एकच मुद्दा असावा. तीन मुद्दे एकत्र विचारले, तर मंत्री त्यांतल्या सोप्या मुद्द्यावर सविस्तर बोलतात आणि वेळ संपतो. ‘भरती प्रक्रिया सुरू आहे’ असे उत्तर आले, तर पुढचा उपप्रश्न एवढाच असावा: ‘जाहिरात कोणत्या दिनांकास प्रसिद्ध झाली?’

चिकाटीने केलेल्या अशा कामाचे फळ किती मोठे असू शकते, हे १९५७ मध्ये दिसले. सरकारी मालकीच्या आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या अडचणीत आलेल्या कंपन्यांमध्ये सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवल्याचा विषय लोकसभेत आधी प्रश्नांतून पुढे आला आणि डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी तो कागदपत्रांच्या आधारे मांडला. ते सत्ताधारी पक्षाचेच सदस्य होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्यीय आयोगाने उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

सातवी पायरी: उत्तर कसे वाचावे

उत्तर आले की प्रथम भाग मोजावेत. पाच भागांचा प्रश्न असेल आणि उत्तर ‘(१) ते (५)’ असे एकत्रित परिच्छेदात दिलेले असेल, तर मूळ प्रश्न शेजारी ठेवून कोणत्या भागाला उत्तरच मिळालेले नाही ते पाहावे. सुटलेला भाग बहुधा सर्वांत महत्त्वाचा असतो. ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर असल्यास कोणता अंश मान्य केला, हे पुढच्या मजकुरातून शोधून लिहून काढावे. उत्तरात चुकीची माहिती आढळली, तर लोकसभेच्या सदस्याला अध्यक्षांच्या निर्देश क्रमांक ११५ नुसार अध्यक्षांना लेखी कळवता येते. उत्तर अपुरे असून विषय सार्वजनिक महत्त्वाचा असेल, तर अर्धा तास चर्चेची सूचना देता येते. लोकसभेत तिच्यासाठी तीन दिवस आधी सूचना द्यावी लागते.

‘विषय विचाराधीन आहे’, ‘माहिती घेऊन सभागृहाला देण्यात येईल’, ‘चौकशी करण्यात येत आहे’ अशी वाक्ये वाचून अनेक जण निराश होतात आणि कागद बाजूला ठेवतात. तसे करू नये. संसदीय पद्धतीत अशी विधाने आश्वासन म्हणून नोंदली जातात. लोकसभेत १९५३ पासून आणि राज्यसभेत १९७२ पासून सरकारी आश्वासनांविषयीची समिती काम करते. आश्वासन दिल्यापासून तीन महिन्यांत त्याची पूर्तता अपेक्षित असते, आणि मुदतवाढ हवी असल्यास खात्याला समितीकडे मागावी लागते. महाराष्ट्र विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. म्हणून मंत्र्यांचे नेमके शब्द, प्रश्न क्रमांक आणि दिनांक वहीत लिहून ठेवावेत, तीन महिन्यांनी लोकप्रतिनिधीमार्फत समितीकडे पूर्ततेची विचारणा करावी, आणि पुढच्या अधिवेशनासाठीच्या मसुद्याचा पहिला भाग असा लिहावा: ‘प्रश्न क्रमांक अमुक यास दिनांक अमुक रोजी दिलेल्या उत्तरात नमूद केलेली माहिती कोणत्या दिनांकास प्राप्त झाली आणि ती काय आहे?’