घाबरलेलं पिल्लू जवळ येईपर्यंत: रस्त्यावरच्या मांजराच्या पिल्लाला कसं वाचवावं

गाडीखालून किंवा जिन्याखालच्या अडगळीतून पिल्लाचं केविलवाणं म्यांव म्यांव ऐकू आलं की पहिल्यांदा मनात येतं ते हात घालून त्याला बाहेर काढायचं. तेवढं एक करू नका. तुमच्यापासून पळू शकणारं पिल्लू हाताने ओढून वाचत नाही, ते आणखी आत शिरतं. त्याला वाचवायचं तर आधी त्याने तुमच्याकडे यायला हवं, आणि त्यासाठी लागतात दिवस. कधी चार, कधी वीस.

याला अपवाद आहेत, ते आधी सांगते. डोळे न उघडलेलं आणि हाताला गार लागणारं पिल्लू, जखमी पिल्लू, वाहत्या रस्त्यात किंवा कुत्र्यांच्या तावडीत सापडलेलं पिल्लू, यांच्या बाबतीत वाट पाहायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळा, ऊब द्या आणि थेट पशुवैद्याकडे न्या. गार पडलेल्या पिल्लाला काहीही पाजू नका. अंग गार असताना त्याला अन्न पचत नाही, म्हणून आधी ऊब आणि मगच खाणं. खालचं सगळं लिहिलंय ते तुम्हाला पाहून पळणाऱ्या, चालत्या-खात्या पिल्लासाठी.

आधी आई आहे का ते पाहा

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ते उगीच नाही. एक जागा धोक्याची वाटली की ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. त्या फेऱ्यांमध्ये मागे राहिलेलं पिल्लू आपल्याला अनाथ वाटतं. कधी ती खाणं शोधायला गेलेली असते आणि दोन-चार तासांत परतते. तुम्ही तिथेच उभे राहिलात तर मात्र ती येणार नाही. लांब, शक्य असेल तर खिडकीआड थांबा आणि काही तास लक्ष ठेवा.

पिल्लू स्वच्छ असेल, पोट भरलेलं असेल आणि ते निवांत झोपलं असेल तर आई जवळपास आहे असं समजा. पोट खपाटीला गेलेलं, अंग मळलेलं, डोळ्यांना चिपडं आणि सतत चाललेलं रडणं, हे दिसलं तर त्याला तुमची गरज आहे. आई असेल तर पिल्लं साधारण ८ आठवड्यांची होईपर्यंत तिच्याजवळच वाढलेली बरी. अशा वेळी आईला खाऊ घाला, आणि पुढे तिचीही नसबंदी करून घ्या. पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

वयाचा अंदाज घ्या

डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात पिल्लू झोकांड्या खात चालतं, चौथ्या-पाचव्यात पळायला आणि खेळायला लागतं. बहुतेक पिल्लांचे डोळे सहा-सात आठवड्यांपर्यंत निळे असतात, नंतर रंग बदलतो. वजनाचा ढोबळ हिशेब असा: चार आठवड्यांना साधारण ४५० ग्रॅम, आठ आठवड्यांना ९०० ग्रॅमच्या आसपास.

वय कळायला हवं याचं कारण असं, की पिल्लाला माणसाची सवय सगळ्यात सहज लागते ती दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत. या काळात माणसाचा हात लागलेलं पिल्लू आयुष्यभर माणसाला धरून राहतं. त्यानंतरही विश्वास बसतो, पण वेळ जास्त लागतो. दीड महिन्याचं पिल्लू काही दिवसांत वळतं, तीन महिन्यांच्या पिल्लाला काही आठवडे द्यायची तयारी ठेवा.

एक वेळ, एक जागा, एक हाक

रोज त्याच वेळी, त्याच ठिकाणी खाणं ठेवा आणि ठेवताना एकच हाक मारा. शब्द कुठलाही चालेल, आवाज मात्र हळू आणि रोज तसाच हवा. चार दिवसांत पिल्लू त्या वेळी तुमची वाट पाहायला लागतं.

गाईचं दूध देऊ नका. ते पचलं नाही तर जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी एका दिवसात संपू शकतं. पिल्लांसाठीचं ओलं खाणं किंवा मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता उकडलेलं, हाडं काढलेलं कोंबडीचं मांस कुस्करून द्या. शेजारी पाण्याची उथळ वाटी ठेवा. पिल्लू जेमतेम तीन-चार आठवड्यांचं असेल तर पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर कालवून द्या. खाऊन झालं की उरलेलं उचला, नाहीतर त्या वासाने कुत्री आणि मोठे बोके येतात आणि पिल्लू ती जागाच सोडतं.

पहिले दोन-तीन दिवस वाटी ठेवून खरोखर निघून जा. कोपऱ्याआडून डोकावू नका. तुम्ही दिसत नसलात तरी तुमचा वास त्याला येतो. त्या वासासोबत खाणं येतं आणि वाईट काही होत नाही, एवढंच त्याला शिकू द्या.

मग लांब बसा

चौथ्या दिवसाच्या सुमाराला वाटी ठेवल्यावर तिथेच बसायला लागा. किती लांब? पिल्लू खायचं थांबवून तुमच्याकडे टक लावतं ती हद्द. तिच्याही दोन पावलं मागे बसा.

बसायचं जमिनीवर, अंग चोरून, पिल्लाकडे तोंड न करता एका कुशीने. उभा माणूस त्याच्या नजरेत केवढा असतो ते एकदा जमिनीवर आडवं होऊन पाहा. टक लावून बघू नका, मांजराच्या जगात रोखलेली नजर म्हणजे धमकी. नजरानजर झालीच तर डोळे अर्धवट मिटा, क्षणभर तसेच ठेवा आणि सावकाश उघडा. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० साली हे तपासलं होतं: माणसाने असे डोळे हळू मिटले की मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात, आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळ यायला जास्त तयार होतात. पिल्लाने पहिल्यांदा असे डोळे मिटले तो दिवस मी विसरणार नाही. वाटीच्या पलीकडे, दोन्ही कान माझ्याकडे, आणि पापण्या झोप आल्यासारख्या खाली.

फोन बंद ठेवा. फोटो काढायला हात वर गेला की दोन दिवसांची मेहनत जाते. रोज वीत-दोन वीत पुढे सरका, आणि पिल्लू बिचकलं तर दुसऱ्या दिवशी मागे या.

पिल्लू काय सांगतंय ते ओळखा

फिसकारणं म्हणजे राग नव्हे. ती भीती आहे, "आणखी पुढे येऊ नकोस" एवढंच त्यात असतं. कान मागे पडलेले, बुबुळं मोठी झालेली, पाठ कमानीसारखी, शेपटीचे केस पिंजारलेले असले तर थांबा आणि सावकाश मागे सरा. फिसकारल्यावर तुम्ही मागे गेलात की पिल्लाला कळतं की आपलं म्हणणं ऐकलं जातं, आणि पुढच्या वेळी ते पळायची घाई करत नाही. शेपटी सरळ वर, टोक किंचित वाकलेलं, असं ते तुमच्याकडे आलं तर ती ओळख.

इथे माझ्या हातून घडलेली चूक सांगते. पहिल्यांदा एका राखाडी पट्ट्यांच्या पिल्लासाठी बसले होते. सातव्या दिवशी ते माझ्या गुडघ्यापासून हातभरावर खात होतं. मला वाटलं, आता काय, उचलूच. हात टाकला. माझ्या मनगटावर तीन ओरखडे उमटले आणि पिल्लू भिंतीच्या फटीत गेलं. पुढचे सहा दिवस दिसलं नाही. मी रोज वाटी ठेवायचे आणि रोज ती भरलेलीच परत आणायचे. ते आलं तेव्हा आधीच्या दुप्पट अंतरावर बसलं, आणि तिथून पुन्हा गुडघ्यापर्यंत यायला त्याला तीन आठवडे लागले. तेव्हापासून एक नियम पाळते: शेवटचं हातभर अंतर पिल्लानेच कापायचं.

चमचा, बोट, गाल

लांब दांड्याचा लाकडी चमचा घ्या. टोकाला कुस्करलेलं मांस लावा आणि हात जमिनीवर टेकवून चमचा पुढे धरा. पिल्लू मान लांब करेल, पण मागचे पाय मागेच ठेवेल, पळायच्या तयारीत. मग चमच्याला हलकीशी ओढ लागते. खरखरीत जीभ लाकडावर घासल्याचा बारीक आवाज येतो, आणि दातांची टकटक थेट बोटांपर्यंत जाणवते. त्या वेळी हात हलवायचा नाही. रोज चमचा थोडा आखूड धरा. आठवड्याभरात खाणं बोटाच्या टोकावर येतं.

पहिला स्पर्श ते खात असतानाच. डोक्यावरून हात आणू नका, वरून येणारी कुठलीही गोष्ट त्याला झडप वाटते. एक बोट नाकाच्या उंचीवर धरा, ते हुंगू द्या, आणि त्याने गाल घासला तरच गालावर, हनुवटीखाली दोनदा खाजवून बोट मागे घ्या. त्याला आणखी हवं असतानाच थांबा. पोटाला आणि शेपटीला हात नको.

पकडणं

कॅरियर, म्हणजे मांजर न्यायचं दाराचं खोकं, शेवटच्या दिवशी आणू नका. लांब बसायला लागलात त्याच दिवसापासून तो तिथे उघडा ठेवा, दार मागे बांधून, आत जुना टॉवेल घालून. वाटी आधी शेजारी, मग दारात, मग रोज थोडी आत. पिल्लू आत खात असताना दार किंचित हलवून पुन्हा उघडं सोडा, म्हणजे त्या आवाजाची सवय होते. शेपटीसकट सगळं अंग आत आहे आणि ते निवांत खातंय, असं दोन-तीन दिवस दिसल्यावरच दार लावा. दवाखाना उघडा असेल अशी वेळ निवडा. दार लागलं की लगेच वरून चादर टाका, अंधारात पिल्लू लवकर शांत होतं. मनात शंका असेल तर त्या दिवशी लावू नका. अर्धवट लागलेल्या दारातून निसटलेलं पिल्लू त्या खोक्याजवळ पुन्हा सहज येत नाही.

हाताला अजिबात न लागणाऱ्या पिल्लासाठी प्राणिमित्र संस्थांकडे मांजरांचे सापळे असतात. तो मागून घ्या, पण लावून निघून जाऊ नका, नजरेच्या टप्प्यात राहा.

मानगुटीला धरून उचलू नका. ते आईला जमतं. उचलावंच लागलं तर टॉवेल टाकून चारही पाय आत घेत गुंडाळा. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, जखम वरून लहान दिसली तरी आत पिकते, आणि रेबीजची लस पुढे ढकलायची गोष्टच नव्हे.

घरी आणल्यावर

आधी दवाखाना. जंत, पिसवा, ताप, अंगातलं पाणी हे सगळं पाहून घ्या आणि लसीचं वेळापत्रक लिहून घ्या. लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. पिसवा खूप असतील तर लहान पिल्लाच्या अंगात रक्त उरत नाही, पण म्हणून कुत्र्यांसाठीचं औषध लावू नका. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असेल तर ते मांजराच्या जिवावर बेततं. पॅरासिटामॉलही तसंच, थोडंसुद्धा द्यायचं नाही.

मग एक लहान खोली किंवा न्हाणीघर. कपाटामागच्या आणि यंत्रांखालच्या फटी आधी बुजवा, नाहीतर पिल्लू तिथे शिरेल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दिवसावर याल. आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं लपायला द्या, शी-शूसाठी माती भरलेला उथळ ट्रे खाण्यापासून लांब ठेवा. पहिला दिवस त्याला एकटं सोडा. नंतर रोज दोन-तीनदा जाऊन जमिनीवर बसा, हळू आवाजात काहीतरी वाचा. काठीला बांधलेली चिंधी हलवून खेळवा, आणि निघताना दोरा बरोबर घेऊन या, गिळला तर आतड्यात अडकतो.

घरात आधीचं मांजर असेल तर दोन आठवडे दोघांना पूर्ण वेगळं ठेवा, भांडी वेगळी, हात धुऊन, कपडे बदलून. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू फरशीवर आणि कापडावर कित्येक महिने टिकून राहतो.

चार-पाच महिन्यांचं पिल्लू सगळं करूनही मांडीवर येणार नाही, असं होऊ शकतं. तसं झालं तर नसबंदी आणि लस करून त्याला त्याच्या जुन्या जागी सोडा आणि रोजचं खाणं चालू ठेवा. बंद खोलीत कायम भेदरून राहण्यापेक्षा ते त्याला बरं.

पिल्लू घरी आणलं तरी त्या जागी आठवडाभर वाटी ठेवत राहा. मांजरीला एका वेळी तीन ते पाच पिल्लं होणं नेहमीचं आहे, आणि धीट पिल्लू आधी बाहेर येतं. माझं राखाडी पिल्लू घरात खोक्याबाहेर झोपायला लागलं त्याच सुमारास मला रिकामी वाटी दिसली. दुसऱ्या दिवशी फटीतून दोन कान वर आले, तसेच पट्टे, अंगाने त्याहून बारीक. मी वाटी ठेवली, हाक मारली आणि निघून आले.