विमानतळाचा विस्तार आखताना आधी रस्त्याचा हिशेब

विस्ताराची चर्चा बहुधा नव्या टर्मिनलच्या देखण्या चित्रापासून सुरू होते. आराखडा करणाऱ्याने मात्र ते चित्र बाजूला ठेवून दिवसातल्या सर्वाधिक गर्दीच्या एका तासाचा हिशेब आधी मांडावा. वर्षाला किती कोटी प्रवासी हा आकडा भाषणापुरता ठीक असतो; तपासणीच्या रांगा, सामानाचे पट्टे आणि रस्त्याच्या मार्गिका किती लागतील, हे त्या एका तासावरच ठरते.

मग धावपट्टी पाहावी. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत. अशा ठिकाणी टर्मिनल कितीही वाढवले तरी विमाने त्या प्रमाणात वाढत नाहीत.

खरी कोंडी दारापुढे होते. समजा, गर्दीच्या तासात तेथे 600 गाड्या येतात आणि सामान उतरवून निघेपर्यंत प्रत्येक गाडी सरासरी 3 मिनिटे थांबते. म्हणजे कोणत्याही क्षणी सुमारे 30 गाड्या उभ्या असणार. एका गाडीला 7 मीटर धरले, तर एका रांगेत 210 मीटर जागा हवी. निरोप लांबून सरासरी 5 मिनिटांवर गेली, की तीच गरज 350 मीटर होते, आणि आपल्याकडे निरोप लांबतातच. म्हणून सोडायला आलेल्यांच्या गाड्या वाहनतळाकडे वळवाव्यात आणि बस व टॅक्सीला स्वतंत्र मार्गिका द्याव्यात.

रस्ता आणि इमारत बांधणाऱ्या यंत्रणा वेगळ्या असतात, तेव्हा दोन्ही कामांच्या तारखा करारातच एकमेकींशी बांधून घ्याव्यात. मुंबईत टर्मिनल 2 आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावरून तेथे नेणारा सहार उन्नत मार्ग, दोन्ही 12 फेब्रुवारी 2014 रोजी खुले झाले. हे टर्मिनल जुनी इमारत वापरात ठेवूनच त्याच जागी टप्प्याटप्प्याने उभारले गेले. त्याचा एक्स अक्षरासारखा आकारही त्याच अडचणीतून सुचला.

उद्घाटन म्हणजे सुरुवात नव्हे, हेही वेळापत्रकात धरावे. पुण्याच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन 10 मार्च 2024 रोजी झाले, पण तेथून विमानसेवा 14 जुलैला सुरू झाली. सुरक्षा दलाचे मनुष्यबळ आधीच मागून घ्यावे आणि खऱ्या बॅगा, खऱ्या गाड्या घेऊन गर्दीच्या वेळीच रंगीत तालीम करावी.